खालचा थर
मनगटाचं प्लास्टर निघालं, पण बोटं अजून आखडलेलीच. म्हणून वाजवण्याऐवजी डिजिटल पियानोचे नॉब लावत बसते. पियानोखाली स्ट्रिंग्जचा थर आहे. त्याचं चॅनल वेगळं केलं, नाहीतर एकच नॉब दोन्ही थरांना हलवतो. मग पहिला नॉब स्ट्रिंग्जच्या आवाजाला दिला. मिडीत त्याचा क्रमांक ७, मूल्य ० ते १२७. दुसरा ७४ला, सुराच्या उजळपणाला. सावकाश फिरवलं की स्ट्रिंग्ज धुक्यासारख्या वर येतात, पियानो जागचा हलत नाही. का कोण जाणे, आईचा तंबोरा आठवतो. तिथे जवारीसाठी दोरा सरकवायचा, आणि मग नुसतं ऐकत राहायचं. रिव्हर्ब अजून कुठल्याच नॉबला दिलेला नाही. सेटिंग मात्र आठवणीने सेव्ह करावं. माझ्या पियानोत बंद केल्यावर ते पुसलं जातं.