सनदेचे पैसे

बागबाजार, कोलकाता

चि. राणी हिस,


लॉ कॉलेजच्या फ्रीशिपचा अर्ज भरलास, छान केलंस. पण ‘शिष्यवृत्ती मिळाली की सुटले’ हे काही मला पटलं नाही.

बाबासाहेबांचंच बघ. 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, पुढे लंडनसाठी शाहू महाराजांनी हात दिला. बॅरिस्टर होऊन परतले, तर वकिलीची सनद काढायला पैसे नाहीत! नवल भथेना या पारशी मित्राने पाचशे रुपये दिले, तेव्हा कुठे 1923 मध्ये हायकोर्टात वकिली सुरू झाली. महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर दावा घातला 1927 मध्ये, हायकोर्टाचा निकाल लागला 1937 मध्ये. असल्या खटल्यात पक्षकार फी कुठून देणार? घर चालायचं ते बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत, लॉ कॉलेजात शिकवून. तुला हक्कांचेच खटले लढायचेत ना? मग हा हिशेब आत्ताच मांड.

प्रवेशाच्या दारापर्यंत नेणारे आता आहेत. इथल्याच सॉल्ट लेकच्या विधी विद्यापीठात शिकवणाऱ्या शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘आयडिया’ ही संस्था सुरू केली. गरीब घरची मुलं हेरून त्यांची क्लॅट या लॉच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यायची, पुढे फीचंही बघायचं. बशीर 2019 मध्ये गेले, काम चालू आहे. पदवीनंतर लागणारी सनदेची फीही काही राज्यांत पंधरा हजारांच्याही वर गेली होती. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती 750 वर आणली, आपल्याला, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींना, 125. भथेनांचं काम निम्मं कोर्टानेच केलं म्हण.

उरलेलं निम्मं म्हणजे ज्युनियरकीची वर्षं. शहरात ज्युनियरला महिना 20,000 द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याच वर्षी सुचवलं. सुचवलं, बरं का. म्हणून कुठलीही संस्था मदत देऊ लागली की पहिला प्रश्न विचार: पदवीनंतर किती वर्षं?

आणि बंगाल आपल्याला परका नाही. 1946 मध्ये मुंबईतून निवडून जायची वाट बंद झाली, तेव्हा बाबासाहेब संविधान सभेवर गेले ते बंगालमधून. मतं जमवली जोगेंद्रनाथ मंडल या नमशूद्र वकिलाने. आमच्या गल्लीत भगिनी निवेदितांचं घर कुणीही दाखवील. मंडलांचं नाव काढलं की मात्र माणसं विचारात पडतात.

पदवी झाली की इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे, भाड्याचं नाव काढायचं नाही. बागबाजारहून सर्क्युलर रेल्वेने बीबीडी बाग, तिथून हायकोर्ट पायी. हायकोर्टात इंग्रजीवर निभेल, पण खालच्या कोर्टात पक्षकार बंगालीतच रडतो. ती शिकायला आत्तापासून लाग.

तुझी,
मावशी