खाली आलेला काटा

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खाली असला की इंजिन थंड आहे, असं मी मेडशीच्या घाटापर्यंत मानत होतो. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक वाढतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. म्हणून त्या दिवशी जे घडलं त्याला अज्ञान म्हणून मला सुटता येत नाही.

सुरुवात एप्रिलमधल्या एका दुपारी झाली. वाशिमहून मालेगावला जाताना आमच्या जुन्या मारुती ८०० चं पाणी उकळलं. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं इंजिनावरची छोटी ॲल्युमिनियमची टोपी उघडली, आतला थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "सर, उन्हायात याचं काई काम नाई. हे काढलं का पाणी मोकयं फिरते." आमच्या भागात हा उपाय कितीतरी जण सांगतात, आणि गाडी त्या दिवशी घरी पोचलीही. पण पाणी का उकळलं, हे मी विचारलंच नाही. कारण समोर होतं. आदल्या दिवाळीच्या सुमारास गाडी शेतात थ्रेशरजवळ उभी असायची. सोयाबीनचं कुटार रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसलं होतं, हवा आत जातच नव्हती. वर मी कूलंटमध्ये बोअरचं पाणी भरत होतो. ज्या पाण्यानं घरच्या पातेल्यांना पांढरा थर बसतो, तेच पाणी मी वर्षानुवर्षं इंजिनात ओतलं.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक कुपी असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, झडप उघडते, मग पाणी रेडिएटरकडे जातं. झडपच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. आमच्या गाडीचं हिवाळ्यात तेच झालं. काटा वर येईना. इंजिन अजून गार आहे असं समजून इंधन सोडणारी यंत्रणा जास्त पेट्रोल देत राहिली. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर तिला पेट्रोलचा वास.

जानेवारीत मी नवा थर्मोस्टॅट आणला आणि रविवारी अंगणात बसवायला घेतला. जुनं कूलंट घमेल्यात काढलं आणि घमेलं तसंच उघडं ठेवून पाने आणायला आत गेलो. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसंही जनावराच्या जिवावर बेतू शकतं. बाहेर आलो तेव्हा बाबा शेजाऱ्यांच्या वासराला हाकलत होते. त्याचं तोंड घमेल्यापासून हातभर अंतरावर होतं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

पुढच्या चुका घाईच्या. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गरम पाण्यात टाकून पाहिला नाही. जुन्या गॅस्केटचे तुकडे नीट खरवडले नाहीत, वरून सिलिकॉन फासून मोकळा झालो. थर्मोस्टॅटच्या कडेला हवा निसटण्यासाठी एक बारीक भोक असतं, ते वरच्या अंगाला यायला हवं. माझ्या हातून ते खाली गेलं. कूलंट घाईनं ओतलं, तोंडापर्यंत आलेलं दिसलं, झाकण लावलं. आत हवेचा मोठा फुगा अडकला होता.

दोन दिवसांनी बाबांना डोळे तपासायला अकोल्याला नेत होतो. मेडशी सोडली, पातूरकडचा घाट सुरू झाला. काटा वर चढला आणि मग भसकन खाली आला. मला बरं वाटलं. चढावर असूनही गाडी थंड, म्हणजे काम जमलं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी कमी होऊन त्याच्याभोवती हवा आली होती, आणि हवा उकळत्या पाण्याइतकी उष्णता त्याला पोचवत नव्हती. खाली आलेला काटा खरं तर धोक्याची सूचना होती.

बाबा म्हणाले, "अरे, हा गोड वास कायचा येऊन रायला?"

"बाहेरचा असेल," म्हणून मी आणखी दोन वळणं गाडी चढवली. गळणाऱ्या कूलंटचाच तो वास होता. इंजिन घरघरायला लागलं तेव्हा थांबलो, आणि पाचच मिनिटांत फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. बंद झाकणाखाली दाबामुळे पाणी ११० अंशांच्या पुढेही उकळत नाही. दाब सुटला की क्षणात वाफ होते. माझा पंजा भाजला. बाबा मदतीला शेजारी येऊन उभे होते, त्यांच्या उजव्या हातावरही उडालं. तो डाग अजून आहे. हेड गॅस्केट गेलं, हेड घासून घ्यावं लागलं. त्या खर्चाचं दुःख केव्हाच ओसरलं.

दुसऱ्या वेळी मी पूर्ण दिवस दिला. जाळी मागच्या बाजूनं पाण्यानं धुतली. गॅस्केटची जागा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ केली. कुपी इंजिनाकडे, भोक वर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बारीक धारेनं. गाडीचं तोंड चढाकडे करून, इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढूनच ती सुरू केली. बुडबुडे येत राहिले, मी भर घालत राहिलो. वरचा पाइप बराच वेळ गार होता, मग अचानक गरम झाला. झडप उघडली होती.

बसवण्याआधी शाळेचा थर्मामीटर आणून नवा थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीला टांगला होता. तेव्हाच ड्रॉवरमध्ये पडलेला जुनाही आठवला. त्याच्यावर ८२ कोरलेलं आहे. तोही पाण्यात सोडला. ऐंशीपर्यंत काही हललं नाही. मग कडेला केसाएवढी फट पडली आणि झडप सावकाश पूर्ण उघडली.

बाबा पाठीमागून पाहत होते. "म्हंजे हा चांगलाच होता काय?"

"हो, बाबा."