पोटभाडेकरू

पोटभाडेकरू हा शब्द ज्यानं घडवला त्याला हा प्राणी ठाऊक नसणार, पण बसलाय अगदी चपखल. पूर्ण नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आम्ही एंडोस्कोपीच्या खोलीतले लोक नुसतं ‘पायलोरी’ म्हणतो. ना करार, ना डिपॉझिट. बहुतेकांकडे हा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून तरी येतो आणि पुढं चाळीस-पन्नास वर्षं हलत नाही.

अंगकाठी मिलिमीटरच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी, पिळाची. टोकाला चार-सहा शेपट्या. जठरातल्या ॲसिडपुढं भलेभले जंतू टिकत नाहीत. हा मात्र युरियातून अमोनिया काढतो, त्या ढगाआड ॲसिड चुकवतो आणि अस्तरावरच्या बुळबुळीत थरात घुसून बसतो. तिथं काही राहूच शकत नाही, असं डॉक्टरलोक कित्येक वर्षं धरून चालले होते. 1982 मध्ये पर्थला ईस्टरच्या सुट्टीमुळं जंतू वाढवायच्या बशा जास्त दिवस उबेत राहिल्या, तेव्हा कुठं हा वाढलेला दिसला. तरी कुणाला पटेना, म्हणून 1984 मध्ये तिथल्याच डॉक्टर बॅरी मार्शलनं तो चक्क पिऊन दाखवला आणि जठराला सूज आणून घेतली. त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला 2005 चं नोबेल मिळालं. भाडेकरूला काय त्याचं!

आमच्याकडं माणूस येतो वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी आणि सापडतो हा. परवाच्या बाई जठराच्या बायपाससाठी आल्या होत्या. “अहो, माझं पोट कधी दुखलंसुद्धा नाही,” म्हणाल्या. खरंच असेल, पुष्कळांना तो कळतही नाही. सरांनी दुर्बिणीतून कणीएवढा तुकडा काढला, मी तो किटच्या पिवळ्या जेलमध्ये दाबला. चहा संपायच्या आत कडेनं गुलाबी चढायला लागली. अमोनिया करायची खोड, ती लपते कशी? ॲसिडिटीची गोळी चालू असली की मात्र हा न मरता नुसता गप्प बसतो, म्हणून ती दोन आठवडे आधी बंद करायला लावतो. पेशंट हमखास विसरतात.

वजनाच्याच दुसऱ्या, ‘स्लीव्ह’ नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कापूनच टाकतात. तिथं याला आधी हाकलायलाच हवं का, यावर सर्जन मंडळींचं एकमत नाही. बायपासचं वेगळं. वर वाटीएवढीही नाही अशी पिशवी ठेवायची. बाकी जठर पोटातच राहतं, पण अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडतं. नेहमीची दुर्बीण मग तिथं पोचत नाही. भिंत घातली आणि भाडेकरू पलीकडच्या खोल्यांत राहिला, तर तिथं अल्सर झाला की आणखी काही, बघायचं कुणी? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1994 मध्येच याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलंय. माझ्या मते तरी, आधी जागा खाली, मग गवंडी.

बाईंना चौदा दिवसांचा डबा भरून दिला : दोन अँटिबायोटिक्स, बिस्मथ, ॲसिडची गोळी. चार दिवसांनी फोन. तोंडात तांब्याची चव, आणि जीभ जांभळं खाल्ल्यासारखी काळी. बिस्मथनं होतं तसं, सांगितलं. अर्धवट सोडलं तर हा शहाणा होऊन परततो, हेही सांगितलं.

गोळ्या संपून चार आठवडे झाल्यावर बाई श्वासाच्या तपासणीला आल्या. युरियाचं पाणी प्यायल्या, थांबल्या, मग गाल फुगवून पिशवीत फुंकलं.

“गेला का हो?”

“अजून मशीनला लावायचंय, ताई. तोंड नका उघडू इतक्यात, दुसरी पिशवी राहिलीय.”