बुरोंडीचा समुद्र आणि मनगटावरचें घड्याळ

दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरांवर समुद्राच्या कांठीं बुरोंडी हें गांव आहे. उत्तरेस लाडघर, दक्षिणेस कोळथरें, आणि मध्यें हें मासेमारीचें व बागाइतीचें गांव. पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा असलेला भगवान परशुरामांचा भव्य पुतळा येथें दुरूनच दृष्टीस पडतो. समुद्रास मागें हटवून ही भूमि निर्माण झाली, अशी आपली परंपरागत कथा आहे. ‘समुद्रसपाटी’ या शब्दाचा अर्थ समजून घेण्यास याहून योग्य स्थळ आम्हांस तरी ठाऊक नाहीं. त्यास निमित्त झालें तें एका घड्याळाचें.

डोंगर चढणारे व दूरवर पायीं हिंडणारे लोक वापरतात तशीं बहुगुणी घड्याळें आतां साध्या घरांतूनहि दिसूं लागलीं आहेत. होकायंत्रें करण्यासाठीं १९३६ सालीं फिनलंडांत निघालेल्या सूंटो कंपनीनें १९९८ सालीं ‘व्हेक्टर’ नांवाचें घड्याळ काढलें. त्यांत वेळेच्या जोडीला उंची, हवेचा दाब व दिशा हीं तिन्ही पाहावयास मिळत. पुढें अशा घड्याळांत उपग्रहांवरून स्थान सांगण्याची व नाडीचे ठोके मोजण्याचीहि सोय झाली. आमच्या एकत्र कुटुंबांत असें एक घड्याळ आलें, तेव्हां वडील मंडळींनीं विचारलें, “भिंतीवर घड्याळ आहे, देव्हाऱ्याशीं पंचांग आहे, मग हा खर्च कशासाठीं?” प्रश्न रास्त होता. बुरोंडीच्या मुक्कामांत त्याचें उत्तर बव्हंशीं मिळालें.

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारें २४० मीटर उंच आहे. तेथून बुरोंडीकडे उतरूं लागतांच घड्याळांतील उंचीचा आंकडा कमी होत जातो. परंतु हें यंत्र उंची मोजीतच नाहीं. तें आपल्या डोक्यावरील हवेचा भार मोजतें व त्यावरून उंचीचा हिशेब करतें. आपल्याकडील उष्ण हवेंत सखल भागीं साधारण साडेआठ-नऊ मीटर चढलें म्हणजे दाब एक मिलिबारानें उतरतो. १६४८ सालीं फ्रान्समध्यें पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे पेरिए यांनीं पाऱ्याची नळी प्युई द डोम या पर्वतावर नेऊन हेंच तत्त्व पडताळून पाहिलें होतें. बुरोंडीच्या वाळूंत पाण्याच्या कडेला उभें राहून उंचीचा आंकडा शून्यावर लावणें, ही त्या घड्याळाची खरी स्थापना होय.

सकाळीं दहाच्या सुमारास अशी स्थापना करून आम्ही मुक्कामाच्या घरीं येऊन ओटीवर बसलों. दुपारीं चार वाजतां मुलांनीं पाहिलें, तों घड्याळाच्या मतें ओटी पंचवीस-तीस मीटर वर चढली होती! मुलें हंसूं लागलीं. पण दोष घड्याळाचा नव्हता. उष्ण कटिबंधांत हवेचा दाब दररोज सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि पहांटे व दुपारीं चारच्या सुमारास उतरलेला असतो. वातावरणांतील बाष्प आणि वरच्या थरांतील ओझोन सूर्याची उष्णता शोषून घेतात, त्यामुळें ही लाट उठते. दहा ते चार या वेळांत दाब तीन-चार मिलिबार उतरला कीं, घड्याळास वाटतें, आपण टेकडी चढलों. ही हवेची भरती-ओहोटीच म्हणावयाची.

समुद्राची भरती मात्र चंद्राच्या तंत्रानें चालते, आणि तिचा हिशेब आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. तिथीची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीचा तास निघतो, हा ठोकताळा कोंकणांत जुना आहे. पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट, म्हणजे तीन वाजतां. आमच्या आजोबांनीं तो मुलांना घटिकांत मांडून दाखविला. एक घटिका म्हणजे २४ मिनिटें. दर तिथीस भरती दोन घटिका पुढें जाते. पंधरा तिथींत तीस घटिका, म्हणजे बरोबर बारा तास. स्थानपरत्वें यांत अर्धा-पाऊण तासाचें अंतर पडतें. भरतीची आकृति दाखविणारीं कांहीं घड्याळेंहि हेंच करतात. चंद्र माथ्यावर आल्यापासून त्या किनाऱ्यावर पूर्ण भरती येईपर्यंत किती वेळ जातो, तो आंकडा त्यांस आपणच द्यावा लागतो. तो आंकडा त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यासच ठाऊक असतो.

हा सर्व खेळ करमणुकीचाच असता, तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलें, आणि दापोली तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा उन्मळून पडल्या. माडाचें पीक उभें राहण्यास वर्षें लागतात. वादळास कांहीं तास पुरतात. तीन तासांत दाब चार मिलिबार उतरला कीं, सूंटोचीं कांहीं घड्याळें वादळाचा इशारा देतात. दररोजचा दुपारचा उतार सहा तासांचा असतो, हें ज्यास माहीत आहे, तोच या दोहोंतील फरक ओळखूं शकतो. तरीहि मनगटावरचें यंत्र केवळ आपल्या उभ्या जागेपुरतें जाणतें. हवामान खात्याचा इशारा त्याच्या पुष्कळ आधीं येतो. होडी पाण्यांत घालावयाची कीं नाहीं, हें त्या इशाऱ्यावरूनच ठरवावें. घड्याळावर विसंबूं नये.

म्हणून ज्या घरांत असें घड्याळ असेल, त्यांनीं तें एकाच्या मनगटावर मिरवूं देऊं नये. मुलांनीं आठवडाभर रोज दहा व चार वाजतां दाबाचा आंकडा वहींत टिपावा, शेजारीं तिथि लिहावी, आणि किनाऱ्यावर गेल्यास भरतीची वेळहि नोंदावी. चार पानें भरलीं कीं, हवेची लाट वेळ सोडीत नाहीं व समुद्राची रोज पुढें सरकते, हें मुलांस कोणी सांगावें लागत नाहीं. आमच्या घरीं ती वही आतां पंचांगाशेजारींच ठेवलेली असते.