गळाला न लागलेलं

महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या विहिरीत आजीचा पितळी गडवा पडला, तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. काकाजींनी गळ सोडला. दोन तास लोखंडी आकडे तळाशी खरवडत राहिले. बादलीचं जुनं कडं निघालं, कुणाची तरी पळी निघाली. गडवा नाही. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "गेला कुठे मग?" काकाजी दोर गुंडाळत म्हणाले, "जाते कुठं बाप्पा? खालीच आहे. आपल्याले दिसून नाही राहिला."

काकाजी भूविज्ञान खात्यात नकाशे काढत. त्यांचं 'खाली' फार खोल होतं. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता, हे आम्हाला शाळेत शिकवलं. त्याचा तळ कुठे गेला, हे काकाजींनी ओट्यावर, दिवे गेलेल्या रात्री सांगितलं. समुद्राचा तळ म्हणजे गार झालेला काळा बेसाल्ट. आशियाच्या कडेखाली तो वाकला आणि उतरू लागला. वाटेत दाबाखाली त्याचा एक्लोजाइट झाला: लाल गार्नेट, हिरवा पायरॉक्सिन, आणि आजूबाजूच्या खडकाहून जड अंग. मग त्याला ढकलावं लागत नाही, आपल्याच भाराने जातो. वर्षाला सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर. 660 किलोमीटरखाली त्यातली खनिजं मोडून पुन्हा नवी होतात. तरी अंगात जुना गारवा कोट्यवधी वर्षं राहतो, आणि भूकंपाच्या लाटा गार खडकातून जरा लवकर धावतात. त्या लवकर पोचण्यावरून तो सापडतो.

1999 मध्ये व्हॅन डर व्हू आणि सहकाऱ्यांनी तो असाच शोधला. सापडला तो भारताच्या खाली, हजार ते तेवीसशे किलोमीटर खोल. हिमालयाच्या पायथ्याशी शोधावा, तर हा त्याच्याही दक्षिणेला. काकाजींना त्या दिवशी जेवण सुचलं नाही. "तळ नाही सरकला," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "तो बुडाला तिथंच सरळ खाली जाऊन राहिला. सरकलो आपण. उत्तरेकडे जाता जाता त्याच्यावरच येऊन बसलो."

"वर येतो का कधी?"

"काही जण म्हणतात, येते. पार तळाशी जाऊन, तापून, लाव्ह्यासंगं. आपल्या सीताबर्डीच्या काळ्या टेकडीत असलही चिमूटभर जुना समुद्र. पण शपथ घेऊन नाही सांगत."

त्यांना एकच हळहळ होती. त्या खोलीवरचं मुख्य खनिज निसर्गात तयार झालेलं कुणी हाती घेतलं नव्हतं. वर येताना दाब सुटला की ते टिकतच नाही.

22 मे 2012 ला भर दुपारी काटोलवर आभाळातून दगड पडले. काकाजी तेव्हा निवृत्त, गुडघे दुखरे; तरी एसटीने गेले. कुणाच्या तरी अंगणात सापडलेला तुकडा घटकाभर तळहातावर धरून आले. वरून काळी साल, आत राखाडी. घरी येऊन रिकामा तळहात आम्हाला दाखवला: "इतकासा."

पुढे, 2014 मध्ये, परक्या देशात पडलेल्या एका जुन्या अशनीत ते खनिज ओळखलं गेलं आणि त्याला ब्रिजमनाइट हे नाव मिळालं. काकाजींची तब्येत तोवर ढासळली होती, मी सांगितलंच नाही. 2021 मध्ये बातमी आली ती काटोलची. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना तिथल्या दगडात ब्रिजमनाइट मिळालं होतं. अवकाशात दगडावर दगड आदळला, त्या टकरीच्या दाबाने घडलेलं. कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. बातमी वाचता वाचता मी उठले, ओट्यावर जाऊन त्यांना सांगायला. काकाजींना जाऊन चार वर्षं झाली होती. ओटाही नव्हता.

वाडा आम्हीच विकला. कागदावर माझीही सही आहे. विहीर वाड्याच्याच विटामातीने बुजवली; तिच्यावर आता पार्किंग आहे.

मागच्या पितृपक्षात कल्याणेश्वराला गेले होते, तेव्हा वाड्याच्या जागी डोकावले. विहिरीच्या जागी एक स्कूटर उभी होती, खाली तेलाचा डाग. मी बराच वेळ तिथे खाली बघत उभी असेन, कारण चौकीदार जवळ आला.

"काही पडलं काय बाई?"

"हो," मी म्हटलं. "गडवा."

तो भला माणूस. वाकून स्कूटरखाली पाहू लागला.