नदीकाठचे दोन धोबी

डिसेंबरमधील एका रविवारी नववीच्या मुलांना घेऊन मी बंड गार्डनच्या बंधाऱ्याखाली गेलो होतो. विषय पुण्याचा इतिहास. परंतु मुळा-मुठेच्या खडकांवर शेपटी खालीवर आपटीत दोन पक्षी चालताना दिसले आणि मी उत्साहाने म्हणालो, "ते पाहा, धोबी!" मुले हसली. त्यांच्या नजरा पक्ष्यांकडे नव्हत्या, परीट समाजातील एका विद्यार्थ्याकडे होत्या. हजेरीत आडनाव उच्चारताच होणारी कुजबुज मी स्वतः लहानपणी सोसली आहे. तरीही माझे तिकडे भान नव्हते.

तो मुलगा आजीबरोबर घाटावर वाढलेला. तो शांतपणे म्हणाला, "सर, ते दोघे एक नाहीत." एकाची पाठ आणि गळा काळाभोर, काळ्या डोक्यावर ठळक पांढरी भुवई, हा इथलाच, बारमाही. दुसऱ्याचे कपाळ व गाल पांढरे, पाठ राखी. हा थंडीचा पाहुणा. "इथला उन्हाळ्यात छपरावर बसून गातो, सर. पाहुणा गात नाही. उडताना नुसतं चिस्सिक करतो."

घरी येऊन सालिम अलींचे १९४१ सालापासून वाचले जाणारे पक्ष्यांवरील पुस्तक उघडले. खुणा बरोबर होत्या. पांढरा धोबी हिमालयात आणि त्याच्या पलीकडे वीण करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतो आणि एप्रिलपर्यंत परततो. त्याचे गाणे मुख्यतः तिकडचे, घरट्याच्या दिवसांतले. (तिसरा एक करडा धोबी येतो; त्याचे पोट पिवळे! त्याला पिवळ्या धोब्यापासून ओळखायचे तर पाय पाहावेत: याचे फिकट गुलाबी, पिवळ्याचे काळे. केवळ नावावर विसंबणाऱ्याची येथे फजिती होते.)

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, हेही त्याच तासाला सांगितले. अभ्यासक्रमात ते नव्हते. पुढच्या नदीकाठच्या फेरीत पुढे तो चालला, मी मागे वही घेऊन.

आता तो नोकरीनिमित्त नाशिकला असतो. ऑक्टोबर लागला की त्याचा फोन येतो, "सर, गोदावरीवर पांढरे उतरले. तुमच्याकडे?"