कपाळावरचे वेळापत्रक

आमच्या परीक्षेचे वेळापत्रक कॉलेजच्या फलकावर लागण्याआधी माझ्या कपाळावर उमटते. पुस्तकी मराठीने या प्रकाराला ‘तारुण्यपीटिका’ असे भारदस्त नाव दिले आहे. मालवणात आमच्या वाडीत त्या नुसत्या पुळ्या. “गो चेडवा, काजी खाल्लंस मगे?” हा शेजारच्या काकींचा ठरलेला प्रश्न. काजू आणि वार्षिक परीक्षा एकाच मोसमात येतात, म्हणून आळ काजूवर. पहिल्या सत्राच्या परीक्षेला झाडावर काजू नसतो. पुळ्या मात्र हजर असतात!

2003 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी 22 विद्यार्थ्यांचे चेहरे एरवी आणि परीक्षेच्या दिवसांत तपासले होते. ज्याचा ताण अधिक वाढला, त्याचे मुरुमही अधिक बळावलेले दिसले. ताणाने शरीरातील कॉर्टिसोलसारखी द्रव्ये वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी चेकाळतात आणि छिद्रे बुजतात, असे त्यामागचे गणित सांगतात. त्यात आमच्याकडचा घाम, आणि आईने प्रेमाने चोपडलेले खोबरेल. ते केसांना ठीक; कपाळावर ओघळले की छिद्रे बुजायला मदतच.

ताण कसला, म्हणाल? दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. पेढे सारा गाव खातो, पण ते पचवायचे असतात पुढल्या वर्षीच्या मुलांना. घरातली पहिली पदवीधर व्हायची असेल, तर विचारूच नका.

माझे आजीच्या उगाळलेल्या जायफळावर भागत असे. वर्गातल्या एका मैत्रिणीने मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब आणली. आठ दिवस चेहरा चकाकला. मग लाल झाला, सोलवटला, आणि ती वर्गात येईनाशी झाली. मी तिला ओढूनच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला 2018 पासून मनाई आहे, तरी ती मिळतात, हे विशेष!

डॉक्टर म्हणाले, पुळ्या फोडू नका, दिवसातून दोनदाच तोंड धुवा, आणि जागरणे आवरा. रात्री लावायला बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल त्यांनी मला दिली. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतील, हेही बजावले. मैत्रिणीला आधी ट्यूब सोडायची होती. ती सुटल्यावर चेहरा काही दिवस आणखीच पेटला. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी वह्या घेऊन तिच्या घरी जात असे.

सादरीकरणाच्या दिवशी ती ओढणी न गुंडाळता आली. सरांनी तिला विचारले ते फक्त केशवसुतांविषयी.